शेतकऱ्याचें ऑम्लेट आणि आपली पंगत

(महोत्सवी सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंडळींनीं आज आम्हांस बोलण्याची विनंति केली, तेव्हां त्यांच्या मनांत धर्मग्रामाचा इतिहास किंवा एखादा गहन धार्मिक विषय असावा. परंतु येत्या रविवारीं मिस्सेनंतर आपण सर्वजण एकत्र न्याहारीस बसणार आहों, आणि त्या न्याहारीसाठीं बटाटे व धुरी दिलेलें डुकराचें मांस घालून केलेलें अंड्यांचें जाड ऑम्लेट करावयाचें ठरलें आहे. तें करण्यास ज्या भगिनी व जे तरुण पुढें आले आहेत, त्यांतील बहुतेकांनीं हा पदार्थ पूर्वीं केलेला नाहीं. म्हणून आज आम्ही व्यासपीठावरून थेट स्वयंपाकघरांत उतरणार आहों. याचें कोणास हंसूं आलें तर त्यांनीं खुशाल हंसावें; मात्र हंसतां हंसतां प्रमाण लिहून घ्यावें.

धर्मगुरूनें चुलीची गोष्ट बोलावी यांत अनुचित कांहीं नाहीं. पुनरुत्थानानंतर प्रभु तिबिर्याच्या सरोवराच्या कांठीं शिष्यांस दिसला, तो प्रसंग आठवा. रात्रभर जाळें टाकून थकलेल्या त्या माणसांसाठीं त्यानें निखाऱ्यांवर मासळी ठेविली होती, भाकर ठेविली होती, आणि त्यांस प्रथम न्याहारीला बोलाविलें. पेत्राला प्रेमाविषयीं तीनदां विचारणें, त्याच्यावर मेंढरें सोंपविणें, हें सर्व मागाहून झालें. आधीं जेवण झालें. संत बेनेडिक्ट यांनीं सहाव्या शतकांत आपल्या मठवासीयांसाठीं जी नियमावली लिहिली, तींत कोठाराच्या कारभाऱ्यास असें बजाविलें आहे, कीं मठांतील सर्व भांडीं व सामानसुमान त्यानें वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणें मानावें. आपल्या सभागृहांतील तो काळाकुट्ट बिडाचा तवा या दृष्टीनें पाहिला, तर त्याची निगा राखण्याचा कंटाळा येणार नाहीं.

आतां या पदार्थाचें मूळ थोडक्यांत सांगतों. युरोपांतील लहान शेतकऱ्याच्या घरीं वर्षांतून एकदां, बहुधा 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास, पाळलेलें डुक्कर मारीत. हिंवाळा तोंडावर आलेला असे, वैरण अपुरी असे, आणि थंडीमुळें मांस लवकर बिघडत नसे. त्यांतील कांहीं मांस मिठांत मुरवून चुलीच्या धुराड्यांत टांगीत. मीठ मांसांतील पाणी ओढून घेई, धूर त्यास वरून सुकवी, आणि धुरांतील द्रव्यें कुजविणाऱ्या जंतूंस अटकाव करीत. असें मांस महिनोन्‌महिने टिके. परंतु एका डुकराच्या मांसावर सारें घर वर्षभर काढणार, म्हणजे रोजच्या वांट्यास येऊन येऊन किती येणार? मूठभर. त्या मुठीस बटाट्यांचा व अंड्यांचा आधार देऊन घरधनीण सर्वांचें पोट भरी. जर्मन लोक या पदार्थास शेतकऱ्याची न्याहारी म्हणतात, आणि फ्रेंच लोकही शेतकऱ्याचेंच नांव देऊन त्यास ऑम्लेट म्हणतात. राजवाड्यांतील खानसाम्यानें शोधून काढलेली ही वस्तु नव्हे. काटकसरींतून ती जन्मली आहे.

तरीही तिला सर्वस्वी परकी म्हणतां येणार नाहीं. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचा. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला, आणि त्याचें नांवही आपण त्यांच्याच भाषेंतून घेतलें, जसें पावाचें घेतलें. आज उपवासाच्या फराळांतही तो आहे. त्याला परका कोण म्हणेल? धुरी दिलेल्या मांसाविषयीं तर आपल्यांतील गोव्याच्या बांधवांस कांहीं सांगावयास नको. त्यांच्या घरीं मांसास मीठ, मिरची, लसूण, मसाला व सिरका लावून, आंतड्यांत भरून, उन्हांत व चुलीवरच्या धुरांत वाळवून केलेली चोरीस पावसाळ्याच्या बेगमीस ठेवीत. तिचा एक लहान मण्यांचा प्रकार तर दोऱ्यांत ओंवलेल्या जपमाळेसारखा दिसतो. नागालँड व मेघालय येथील आपले ख्रिस्ती बांधवही चुलीवरील मांचणीवर डुकराचें मांस धुरावितात.

अंड्यांचीही एक गंमत आहे. मध्ययुगांत चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळांत मांसाबरोबर अंडींही वर्ज्य असत. कोंबड्या मात्र तो नियम पाळीत नसत. त्यांचें अंडीं घालणें चालूच राही. मग सांठलेलीं अंडीं पुनरुत्थानाच्या सणास बाहेर निघत, आणि म्हणूनच रोमन विधिग्रंथांत त्या सणाच्या अंड्यांवर आशीर्वाद मागण्याची प्रार्थना आहे. पुढें नियम सौम्य होत गेले, आणि 1917 च्या धर्मसंहितेनें अंडीं व दूध यांस मोकळीक असल्याचें स्पष्ट केलें. तेव्हां प्रायश्चित्तकाळांतील शुक्रवारीं हेंच ऑम्लेट मांसावांचून करावें. त्यानें नियमही पाळला जाईल आणि पोटही भरेल.

आम्ही हा पदार्थ शिकलों तो पुण्यास सेमिनरींत असतां. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरु मुंबई-पुण्याच्या मिशनांत काम करीत होते. पहिल्या महायुद्धांत त्यांस येथून जावें लागलें, आणि पुढें पुणें व नगर या भागांत स्विस धर्मगुरूंनीं तें कार्य चालविलें. तुमच्यांतील कित्येकांच्या आजोबा-पणजोबांचा बाप्तिस्मा नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, खेड्यांत त्यांच्याच हातून झाला. 1987 सालीं पुण्याच्या धर्मप्रांतापासून आपला नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हां त्या खेड्यांचा वारसाही आपल्याकडे आला. अशा जुन्या पिढीचे एक वयोवृद्ध स्विस धर्मगुरु आमच्या वेळीं हयात होते. एके दिवशीं आचारी गांवीं गेला असतां त्यांनीं आम्हां बारा जणांस स्वयंपाकघरांत नेलें. मांस होतें जेमतेम पाव किलो. त्याचे त्यांनीं इतके बारीक तुकडे केले, कीं आम्ही मुलें हंसूं लागलों. त्यांनीं मान वर न करितां सांगितलें, कीं ज्याच्या पानांत तुकडा पडणार नाहीं, त्याच्या पानांत निदान त्याचा वास तरी गेला पाहिजे. त्या वेळीं आम्हांस ती कंजुषी वाटली. आपल्या या धर्मग्रामांत येऊन कांहीं वर्षें लोटल्यावर तींत काय होतें तें कळलें.

आतां साहित्य. चार माणसांस सहा अंडीं, मध्यम आकाराचे तीन बटाटे, म्हणजे सुमारें 400 ग्रॅम, एक मोठा कांदा, 100 ग्रॅम धुरी दिलेलें मांस, एक चमचा तेल, दोन चमचे दूध, थोडी मिरपूड, एक हिरवी मिरची व मूठभर कोथिंबीर. रविवारीं आपण सुमारें 200 माणसें असूं असें धरलें, तर 300 अंडीं, 20 किलो बटाटे आणि 50 कांदे लागतील. मांस मात्र पांच किलो न आणतां अडीच किलोच आणावें. त्याचें कारण पुढें सांगतों.

बटाटे आदल्या रात्रीं सालासकट उकडून ठेवावे. गरम बटाटा कापतांना चुरा होतो आणि तव्यास चिकटतो. रात्रभर गार झालेला बटाटा घट्ट होतो, त्याच्या फोडी सुबक पडतात आणि त्या खरपूस होतात. कांद्याचें तर आपणांस काय सांगावें! लासलगांवची बाजारपेठ ज्या जिल्ह्यांत आहे, त्या जिल्ह्यांतील माणसांस कांदा शिकविणें म्हणजे गोदावरीस पाणी दाखविणें होय. एवढेंच सुचवितों, कीं चाळींत टिकविलेला उन्हाळ कांदा मिळाल्यास तो घ्यावा. पावसाळी लाल कांद्यांत पाणी अधिक असतें. तो लवकर बदामी होत नाहीं. आपल्यांतील कांहीं कुटुंबें कांदा पिकवितात आणि भाव कोसळला म्हणजे त्यांच्यावर काय ओढवतें हें आपण जाणतोंच; तेव्हां रविवारचा कांदा त्यांच्याकडूनच, आणि योग्य दाम देऊन, घ्यावा.

अंडीं पाण्यांत सोडून पाहावीं. ताजें अंडें तळाशीं आडवें पडतें, जुनें होत चाललेलें उभें राहतें, आणि तरंगणारें घेऊं नये. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आंतील ओलावा हळूहळू उडून जातो व हवेची पोकळी वाढते, म्हणून असें होतें. प्रत्येक अंडें आधीं वाटींत फोडावें आणि मग मोठ्या पातेल्यांत घालावें; एका नासक्या अंड्यापायीं शंभर अंडीं फुकट घालविण्याचा प्रसंग येऊं नये.

मांसाविषयीं एक महत्त्वाची सूचना. धुरी दिल्यानें मांस टिकतें, परंतु शिजतेंच असें नाहीं. कच्च्या मांसास नुसता धूर दिलेला असेल तर तें पूर्ण शिजविल्यावांचून कोणीही तोंडांत टाकूं नये. अर्धकच्च्या डुकराच्या मांसांतून कृमींचे रोग होतात. चोरीसही तशीच शिजवून घ्यावी. ती वापरल्यास वरील आंतडें काढून टाकावें, आणि मग मिरची व मीठ वेगळें घालूं नये, कारण तिच्यांत दोन्ही भरपूर असतात.

आतां कृति. मांसाचे हरभऱ्याएवढे तुकडे करावे आणि गार तव्यावर टाकून मग खालीं मंद आंच लावावी. तवा आधींच तापलेला असेल तर तुकडे वरून करपतात आणि चरबी आंतच राहते. मंद आंचेवर ती पाझरून बाहेर येते, आणि सहासात मिनिटांत तुकडे नीट शिजून कडेनें कुरकुरीत होतात. ते काढून बाजूस ठेवावे. चरबी तव्यांतच राहूं द्यावी. हाच या पदार्थाचा सारा मर्मभाग आहे. कमी वाटल्यास तिच्यांत चमचाभर तेल घालून बटाट्याच्या फोडी एका थरांत पसराव्या, आणि एक बाजू सोनेरी होईपर्यंत त्यांस हात लावूं नये. आमच्या तरुण मित्रांस उलथणें हातांत आलें कीं ढवळल्यावांचून राहवत नाहीं. त्यांनीं तेवढा वेळ प्रणाम मरियेची प्रार्थना म्हणावी. बटाटे दहा-बारा मिनिटांत दोन्ही बाजूंनीं खरपूस झाले म्हणजे उभा चिरलेला कांदा घालून तो मऊ व बदामी होऊं द्यावा. मग मांसाचे तुकडे परत घालून एकदां हलवावें आणि चव पाहावी. मांस खारट असतें, म्हणून अंड्यांत मीठ घालण्यापूर्वीं ही चव पाहणें अगत्याचें आहे.

अंडीं दूध, मिरपूड, मिरची व कोथिंबीर घालून कांट्यानें फेंटावीं, परंतु फेंस येईपर्यंत नव्हे. पांढरें व पिंवळें एकजीव झालें कीं पुरे. तें मिश्रण बटाट्यांवर सर्वत्र ओतावें, आंच अगदीं मंद करावी, कडा उलथण्यानें आंत ओढून पातळ भाग खालीं जाऊं द्यावा, आणि झांकण ठेवावें. पांच-सहा मिनिटांत वरचा भाग जवळजवळ आवळतो. मग तव्यावर मोठें ताट पालथें धरून एका झटक्यांत सर्व उलटावें, आणि ताटांतून परत तव्यांत सरकवून दुसरी बाजू दोन मिनिटें होऊं द्यावी. ज्यांस हें धाडस वाटेल त्यांनीं तव्यांतच चार भाग करून एकेक भाग उलटावा. चवींत अणुमात्र फरक पडत नाहीं. गरम असतांनाच भाकरीबरोबर किंवा पावाबरोबर वाढावें. निफाडची थंडी जानेवारींत कशी असते हें ज्यांनीं अनुभविलें आहे, त्यांस अशा न्याहारीची थोरवी पटवून द्यावयास नको.

आतां अडीच किलो मांसाचें कारण. तें सांगण्यासाठीं आमची एक चूक तुमच्यापुढें कबूल केली पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं पुनरुत्थानाच्या सणाच्या सकाळीं याच सभागृहांत आम्हीं हें ऑम्लेट प्रथम केलें. मोठ्या हौसेनें केलें, सर्व तव्यांत मांस घालून केलें, आणि स्वतः वाढावयास निघालों. निफाडकडून मुलाकडे राहावयास आलेल्या एक आजी पंगतींत बसल्या होत्या. आम्ही वाढूं लागतांच त्यांनीं पानावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "नको फादर, आज पोटाला बरं नाही." आम्हीं थट्टा केली, आग्रह केला, एक तुकडा वाढलाही. त्या नुसता चहा पिऊन उठल्या. त्यांचें पान तसेंच राहिलें आणि आम्ही पुढें सरकलों.

दोन महिन्यांनीं त्यांच्या नातीकडून आम्हांस कळलें, कीं आजींनीं उभ्या जन्मांत डुकराचें मांस खाल्लें नव्हतें. माहेरींही नाहीं, सासरींही नाहीं. शुभ शुक्रवारापासून त्यांनीं जवळजवळ कांहींच खाल्लें नव्हतें. रात्रीच्या जागरण-मिस्सेस त्या पूर्ण वेळ बसल्या होत्या. आणि सणाच्या सकाळीं, आपल्या प्रभूच्या घरून, त्या उपाशी परतल्या. घरीं त्यांनीं सर्वांस ताकीद दिली होती, कीं फादरांना सांगूं नका, त्यांना वाईट वाटेल.

बंधुभगिनींनो, आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सेमिनरींत आम्ही प्रेषितांचीं कृत्यें शिकलों होतों. पेत्राला दृष्टान्तांत सर्व प्राणी दाखवून कोणतेंही अन्न अपवित्र नाहीं असें सांगण्यांत आलें, हें आम्हांस ठाऊक होतें. पौलानें करिंथकरांस व रोमकरांस काय लिहिलें, हेंही परीक्षेंत आम्हीं उत्तम गुण मिळवून लिहिलें होतें: आपल्या खाण्यानें जर भावास ठेंच लागत असेल तर तें खाणें सोडून द्यावें. पेत्राला मोकळीक मिळाली. पौलानें ती मोकळीक दुसऱ्याच्या अंतःकरणासाठीं आवरती घेण्यास शिकविलें. पहिला धडा आम्हीं पंगतींत आणला आणि दुसरा पुस्तकांतच ठेविला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आजींच्या घरीं क्षमा मागावयास गेलों. त्या चुलीपाशीं होत्या. आम्ही बोलावयास आरंभ करणार, तोंच त्या म्हणाल्या, "बसा फादर, आधी खाऊन घ्या." बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि वर तेलाची धार. आम्ही खाल्लें. मग क्षमा मागितली. तिबिर्याच्या कांठच्या त्या न्याहारीवर आम्हीं पुष्कळ प्रवचनें केलीं आहेत. परंतु तिचा क्रम आम्हांस त्या घरीं समजला.

पुढच्या वर्षीं आम्हीं मांसावांचून केलेलें ऑम्लेट आधीं वाढलें. आजींनीं दोन तुकडे खाल्ले आणि चटणी नाहीं म्हणून आम्हांस बोल लाविला. गेल्या पावसाळ्यांत त्या प्रभूच्या घरीं गेल्या. या महोत्सवाच्या पंगतींत त्या नसतील, परंतु त्यांची जागा त्या पंगतींत आहे, असें समजून आपण पुढील नियम पाळावे.

निम्मे तवे मांसावांचूनचे असावे, आणि त्यांची चूल, उलथणीं, ताटें व हात सर्वस्वी निराळे असावे. त्यांत गोडें तेल घालावें. चरबीचा थेंबही पडूं नये. धुराच्या चवीची उणीव वाटूं नये म्हणून एक वांगें निखाऱ्यावर भाजून, सोलून, त्याचा गर कांद्याबरोबर परतावा. तो खमंगपणा कोणाच्याही मनास खुपणार नाहीं. हें ऑम्लेट पंगतींत प्रथम वाढावें, सर्वांस वाढावें, आणि कोणास कारण विचारूं नये. मांसाचें ऑम्लेट मागाहून, ज्यानें मागितलें त्यास द्यावें. सभागृहाच्या कामास येणारे आपले मुसलमान बंधु त्या दिवशीं मदतीस असतील. मांसाच्या चुलीकडील कोणतेंही काम किंवा तिकडचीं भांडीं त्यांच्या हातीं देऊं नयेत. जे अंडेंही खात नाहींत अशा शेजाऱ्यांस आपण निमंत्रण दिलें आहे. त्यांच्यासाठीं बटाट्याची भाजी निराळ्या चुलीवर करावी. रामकुंडाच्या आणि त्र्यंबकेश्वराच्या या प्रदेशांत, जेथें दर बारा वर्षांनीं सिंहस्थ भरतो, आपण राहतों. येथें आपली चूल पेटवितांना शेजाऱ्याच्या दाराकडे एकदां पाहणें हा भित्रेपणा नव्हे. तो शेजारधर्म आहे.

त्याचबरोबर गोव्याच्या, वसईच्या किंवा इतर कोणत्याही घरच्या बांधवांनीं आपल्या अन्नाची लाज बाळगूं नये. ज्या चोरीसचा वास त्यांस आजीच्या घराची आठवण देतो, तींत हिणकस कांहीं नाहीं. लाज नको आणि जबरदस्तीही नको, एवढेंच आमचें मागणें आहे.

त्या वृद्ध स्विस धर्मगुरूंनीं मांसाचे तुकडे इतके बारीक कां केले, याचा अर्थ आम्ही आतां असा लावतों. पंगतींत आपण काय वाढलें हें मोजण्यापेक्षां कोणाचें पान रिकामें राहिलें हें पाहावें. इतक्या वर्षांत या धर्मग्रामानें मंदिर उभारलें, सभागृह बांधलें, शाळेस हातभार लाविला. या सर्वांचा हिशेब महोत्सवाच्या पुस्तिकेंत येईलच. पंगतींतून उपाशी कोण उठलें, याचा हिशेब कोणत्याच पुस्तिकेंत येत नाहीं. तो आपणच ठेविला पाहिजे.

तेव्हां भगिनींनो व तरुण मित्रांनो, शनिवारीं रात्रीं बटाटे उकडावयास सात वाजतां या. येतांना विळी किंवा सुरी, उलथणें आणि स्वच्छ फडकें बरोबर आणा. ज्यांच्याकडे बिडाचा तवा असेल त्यांनीं तो मांसासाठीं द्यावयाचा कीं मांसावांचूनच्या चुलीसाठीं, हें खडूनें त्याच्या तळाशीं लिहून द्यावें. मसाल्याच्या चटणीची जबाबदारी आम्हीं स्वतः घेतली आहे. या वेळीं ती विसरणार नाहीं.

ज्या प्रभूनें थकलेल्यांसाठीं स्वतः निखारे पेटविले, तो आपल्या चुलींस, आपल्या हातांस आणि आपल्या पंगतीस आशीर्वाद देवो. आणि आपल्या दारीं आलेला कोणीही रिकाम्या पोटानें परत न जावो. आमेन.